पाठ असलं तरी पाहून म्हणा

(पाचोरा येथील अखंड हरिनाम सप्ताहात सातव्या रात्री झालेल्या कीर्तनातील निरूपण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे. अभंग व चाली येथे दिलेल्या नाहीत.)



आजच्या सेवेचा अभंग नित्यनेमाचा. तो आपण सर्वांनी टाळमृदंगाच्या गजरात म्हटला, आता त्याचा विचार करायचा. नित्यनेम म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? काकडा, हरिपाठ, एकादशी, गळ्यातली माळ. बरोबर आहे. पण आज मी तुम्हाला जरा वेगळ्या वाटेनं नेणार आहे. ती वाट जमिनीवरून जात नाही, आभाळातून जाते. पायी पंढरीला जाणारी माणसं आपण. आपल्याला विमानाचं काय, असं म्हणू नका. आता पोरं पुण्याला आहेत, बंगळुरूला आहेत, दुबईला आहेत. म्हाताऱ्या आईबापांना तिकीट पाठवतात. आपल्या जळगावातून विमान उडतं. तेव्हा ऐका, कामाची गोष्ट आहे.

तारीख सांगतो. २० सप्टेंबर २०१८, गुरुवार. जुनं पंचांग असेल घरात तर काढून बघा, भाद्रपद शुद्ध एकादशी, परिवर्तिनी. आषाढीला निजलेला भगवंत ह्या दिवशी कूस बदलतो असं आपण म्हणतो. मुंबईत घरोघरी गणपती बसलेले. त्या दिवशी पहाटे जेट एअरवेजचं एक विमान मुंबईहून जयपूरला निघालं. आत १६६ प्रवासी आणि ५ कर्मचारी. विमान वर चढू लागलं आणि थोड्या वेळात डोक्यावरच्या झडपा उघडून प्राणवायूचे मास्क खाली लोंबू लागले. कुणाचं डोकं ठणकतंय, कुणाचे कान फुटायला आलेत, कुणाच्या नाकातून रक्त येतंय, कुणाच्या कानातून. तीसएक माणसांना असा त्रास झाला. विमान माघारी फिरवलं, मुंबईला उतरवलं. सगळी माणसं जिवंत परत आली, ही विठ्ठलाची कृपा.

झालं काय होतं? इंजिन पेटलं? नाही. पंख तुटला? नाही. वादळ? तेही नाही. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं आहे, डीजीसीए म्हणतात त्याला. त्यांनी सांगितलं की वर चढताना आतल्या हवेचा दाब राखणारं बटण लावायचं वैमानिक विसरले.

एक बटण, माउली. आणि कुठलं? वर्षातून एकदा लागणारं नाही, अडीअडचणीचं नाही. प्रत्येक उड्डाणाला बघायचं बटण.

आता ते बटण काय करतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई. १,६४६ मीटर, म्हणजे साडेपाच हजार फुटांच्या आतच. तिथं चढून गेलं तर आपली छाती भात्यासारखी होते. हिमालयातला एव्हरेस्ट २९ हजार फूट. आणि ही मोठी विमानं चालतात तीस-पस्तीस हजार फुटांवर, एव्हरेस्टच्याही वर. तिथं बाहेर थंडी उणे पन्नास अंशांच्या आसपास आणि हवा इतकी विरळ की माणूस जगूच शकत नाही. मग आतली माणसं चहा पीत कशी बसतात? तर इंजिनात जी हवा दाबली जाते, तिच्यातली थोडी काढून घेतात, थंड करतात आणि आत सोडतात. आत हवा येत राहते, मागच्या बाजूच्या झडपेनं मोजून बाहेर जात राहते. त्यामुळं विमान कितीही वर गेलं तरी आतल्या माणसाला आपण फार तर सात-आठ हजार फुटांच्या डोंगरावर बसलोय इतकंच वाटतं. इंजिनातून हवा काढून घेणाऱ्या ह्या बटणाला इंग्रजीत ब्लीड स्विच म्हणतात. आता बघा शब्दाचा योग कसा. ब्लीड म्हणजे रक्त वाहणं. इंजिनाचं ब्लीड लावायचं राहिलं आणि माणसांचं सुरू झालं.

कधीकधी उडताना इंजिनाची सगळी ताकद उड्डाणालाच मिळावी म्हणून ही हवा थोडा वेळ बंद ठेवतात आणि वर गेल्यावर लावतात. मोटारीवर ओझं नको म्हणून आधी वॉल बंद ठेवून ती चालू करायची आणि मग वॉल उघडायचा, असं आपण विहिरीवर करतो ना, तसंच काहीसं. फक्त इथं वॉल उघडायचा राहिला तर वाफ्याला पाणी मिळत नाही एवढंच. तिथं माणसाला श्वास मिळत नाही.

तुम्ही मनात म्हणत असाल, कसले हे वैमानिक! लाखांनी पगार घेतात आणि एक बटण लावता येत नाही. असं म्हणू नका. माझं ऐका, त्यांना हसण्याचा अधिकार आपल्यातल्या एकालाही नाही. घरातल्या माउलीला विचारा. रात्री झोपताना गॅसचं बटण बंद केलं का? ती म्हणते, केलं. खरंच केलं का? मग ती उठते, अंधारात जाऊन बघते. कधी बंद असतं, कधी नसतं. वीस वर्षं रोज केलेली गोष्ट, हाताला इतकी सवयीची झाली की हातानं केली का नाही ते मनाला ठाऊकच नाही.

नवशिका विसरत नाही. पोरगं नवीन मोटारसायकल शिकतं तेव्हा स्टँड वर घेतला का, तीनदा खाली वाकून बघतं. साइड स्टँड तसाच ठेवून वळणावर पडणारा कोण? दहा वर्षं गाडी चालवणारा. नवीन माळ घातलेला वारकरी एकादशी आठ दिवस आधीपासून मोजतो. आणि आम्ही जुने? दुपारी शेव खाल्ल्यावर आठवतं, अरे, आज एकादशी! विसर पडतो तो येत नाही त्या गोष्टीचा नाही. जी फार चांगली येते तिचा पडतो.

आता ह्याच्या पुढं एक भयंकर गोष्ट आहे. हवा विरळ झाली की माणसाला काय होतं? तुम्हाला वाटेल गुदमरल्यासारखं होतं, घाबरं होतं, माणूस ओरडतो. पुष्कळदा तसं होतच नाही. विहिरीत बुडणाऱ्याला जो जीव घाबरा होतो तो इथं होत नाही. उलट बरं वाटतं, माउली! हलकं वाटतं. काहींना हसू येतं. बोटांची नखं निळी पडतात, साधी बेरीज चुकते, आणि माणूस म्हणतो, मी ठणठणीत आहे. पस्तीस हजार फुटांवर दाब एकाएकी गेला तर शहाणपणानं काही करायला माणसाला वेळ मिळतो अर्धा ते एक मिनिट. त्यानंतर तो जागा असला तरी उपयोग नाही. बुद्धी आधी जाते, आणि ती गेली हे सांगायला बुद्धीच जागेवर नसते.

आपल्याकडं ह्याला काय म्हणतात? मोह. आठवण जाण्याचा आणि बुद्धी जाण्याचा क्रम भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला सांगितला आहे. तो तुम्ही प्रवचनात पुष्कळदा ऐकला असेल. मी तो विमानाच्या निमित्तानं पुन्हा समजून घेतला. दारू पिणारा काय म्हणतो? मला चढलेली नाही. सट्ट्यात शेत घालवणारा काय म्हणतो? उद्या निघेल. त्याला वाईट वाटत असतं तर तो थांबला असता. त्याला बरं वाटत असतं, हीच तर पंचाईत. म्हणून मोहात सापडल्यावर शहाणपण करू असं कुणी म्हणू नये. शहाणपण आधी करून ठेवायचं असतं, हवा चांगली आहे तेव्हाच.

मुंबईच्या विमानातली माणसं परत आली. सगळीकडं असं झालेलं नाही. आता जी गोष्ट सांगतो ती परदेशातली आहे, पण तुम्ही आपल्या शेतावर उभं राहून ऐका.

सायप्रस नावाचं बेट आहे, ग्रीस देशाच्या पुढं. तिथल्या हेलिऑस कंपनीचं विमान १४ ऑगस्ट २००५ ला सकाळी लार्नाका गावाहून अथेन्सला निघालं. ११५ प्रवासी, ६ कर्मचारी. ह्या विमानाचं दार आधीच्या फेरीत आवाज करत होतं, म्हणून उडण्याआधी जमिनीवर अभियंत्यानं हवेचा दाब तपासला. तपासण्यासाठी त्यानं दाबाचं बटण ऑटोवरून काढून हातानं चालवायच्या खुणेवर आणलं. तपासणी झाली. बटण तिथंच राहिलं.

ऑटो म्हटल्यावर तुमच्या लक्षात आलं असेल. आपल्या मोटारीच्या पेटीत असतं ना ऑटो? रात्रीची लाइट कधी येईल भरवसा नाही, म्हणून ऑटो लावायचा. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. वायरमन दुरुस्तीला आला, ऑटो काढला, काम केलं, चहा घेतला, गेला. मालक रात्री निवांत झोपला. सकाळी जाऊन बघतो तर केळी कोरडी. हे परवडलं. उलटं झालं तर? ऑटो तसाच आहे आणि माणूस पंपाला हात घालून बसलाय, लाइट आली. असे किती जीव गेलेत आपल्या शिवारांत, तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून जुना वायरमन काय करतो? किटकॅट काढून खिशात घालतो. कुणावर विश्वास नाही म्हणून नव्हे. स्वतःच्या आठवणीवर विश्वास नाही म्हणून.

तर ते विमान. उडण्याआधीच्या तयारीत ते बटण दिसायला हवं होतं, नाही दिसलं. इंजिन सुरू करण्याआधीच्या यादीत दिसायला हवं होतं, नाही दिसलं. वर गेल्यावरच्या यादीत, तेव्हाही नाही. तीन वेळा ते समोर होतं. डोळे त्याच्यावरून गेले, पण पाहणं झालं नाही. मग भोंगा वाजला. देव सूचना देत नाही असं नाही, देतो. पण त्या विमानात तोच भोंगा दोन कामांना होता. जमिनीवर वाजला तर अर्थ, उड्डाणाची तयारी नीट झालेली नाही. आभाळात वाजला तर अर्थ, हवा कमी पडतेय. वैमानिकांनी त्याचा पहिला अर्थ धरला. विमान चढतच राहिलं आणि ते दुसऱ्याच यंत्राचा दोष शोधत राहिले. जमिनीवरच्या अभियंत्यानं पुढं सांगितलं की दाबाचं बटण ऑटोवर आहे का, असं मी त्यांना विचारलं होतं. पण तोवर हवा विरळ झाली होती. कानावर शब्द पडत होते, आत पोचत नव्हते.

नंतर उत्तर येईनासं झालं. ग्रीसच्या हवाई दलाची दोन लढाऊ विमानं वर गेली. त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. एका खुर्चीत माणूस पुढं कोसळलेला, दुसरी खुर्ची रिकामी. विमान आपलं शांतपणे चाललेलं, यंत्राच्या जोरावर, घिरट्या घालत. शेवटी प्रवाशांची सेवा करणारा एक तरुण कर्मचारी प्राणवायूची नळकांडी लावून पुढं चालकाच्या जागेवर पोचलेला दिसला. तोवर इंधन संपलं. अथेन्सजवळ ग्रामातिको गावाच्या डोंगरावर विमान पडलं. १२१ माणसं गेली.

ह्यात दोष कुणाचा, ते चौकशी करणाऱ्यांनी लिहून ठेवलंय, आपण न्यायाधीश नाही. मला त्यात एक जागा दिसते. बटण एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेलं तेव्हा ते कुणीच घेतलं नाही. सोडणाऱ्यानं सोडलं, घेणाऱ्याला वाटलं ते जागेवरच असणार.

ह्या मंडपात बघा. सप्ताह बसल्यापासून वीणेचा पहारा चालू आहे. रात्री दोनला, तीनला, थंडीत, कुणी बघायला नसताना आपली माणसं उभी आहेत. पहारा बदलताना काय करतात? नवा विणेकरी येतो, समोर उभा राहतो, जुन्याच्या पाया पडतो, जुना त्याच्या पडतो. मग वीणा गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात. मधल्या क्षणाला वीणा दोघांच्याही हातात असते. खाली टेकत नाही. ही रीत ज्यांनी घातली त्यांनी विमान पाहिलं नव्हतं. पण हातातून हातात जाताना वस्तू हरवते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पालखी सोहळ्यातली समाज आरती आठवा. लाखोंचा समाज, चोपदारांनी दंड वर केला की टाळाचा आवाजसुद्धा थांबतो. मग काय सांगतात? कुणाचं काय हरवलं, कुणाला काय सापडलं. रोज संध्याकाळी. देवाच्या दारात हा हिशेब कशाला, असं कुणी म्हणत नाही.

वैमानिकांचीही अशी एक रीत आहे, आणि ती रक्तानं लिहिलेली आहे. १९३५ सालची गोष्ट. ३० ऑक्टोबरला अमेरिकेत बोइंग कंपनीचं नवं मोठं बॉम्बफेकी विमान दाखवण्यासाठी उडवलं. चालवणारा वैमानिक साधासुधा नव्हता, चाचणीसाठी निवडलेला. विमान वाऱ्यानं हलू नये म्हणून जमिनीवर उभं असताना त्याच्या शेपटीच्या भागांना एक कुलूप घालतात. ते काढायचं राहिलं. विमान वर गेलं, कलंडलं आणि पडलं. दोन माणसं दगावली. लोक म्हणाले, हे यंत्र एका माणसाच्या डोक्याच्या पलीकडचं झालंय. मग काय केलं? जास्त हुशार वैमानिक शोधला का? नाही. एक कागद केला. उडण्याआधी हे, उडाल्यावर हे, उतरण्याआधी हे. ते विमान पुढं हजारोंनी तयार झालं.

तेव्हापासून यादी वाचायची. आणि बघा, ती पाठ असते! तोंडपाठ! तरी वाचायची. एक जण वाचतो, दुसरा त्या बटणाकडं बघून उत्तर देतो. हे कुठं पाहिलंय का? रोज पाहता. मी चरण म्हणतो, मागे टाळकरी तेच उचलतात. एकट्यानं म्हटलं तर कीर्तन नाही. आपल्या रेल्वेत बघा. पाचोरा स्टेशनावर उभं राहिलात तर भुसावळकडं जाणाऱ्या गाड्यांच्या इंजिनात दोघं असतात, लोको पायलट आणि त्याचा सहायक. पुढचा सिग्नल दिसला की एक तोंडानं म्हणतो, दुसराही म्हणतो, हात वर करून. दोघांनाही दिसतोय, मग बोलायचं कशाला? डोळ्यानं पाहिलेलं तोंडावर आलं की मन पळून जाऊ शकत नाही, म्हणून.

पण इथंही कली शिरतो. आपल्या अहिराणीत सांगतो. एक विचारतो, बठ्ठं बराबर शे ना? दुसरा मोबाइलात बघत म्हणतो, शे, शे! झालं काम. यादी वाचली, उत्तरही आलं, बटण तसंच. हरिपाठाचं काय होतं आपल्या घरी? तोंड हरिपाठ म्हणतंय, डोळा टीव्हीवर आणि मधेच सुनेला सांगतोय, दूध उतू चाललं बघ. दूध उतू जायला नको हे खरंच, उठून गॅस बंद करा, त्यात पाप नाही. मग परत येऊन बसा आणि कुठं सोडलं होतं तिथून धरा. पुढं कुठूनतरी नको.

हे जे मी आत्ता बोललो ना, ते फार महत्त्वाचं आहे. माणूस विसरतो कधी? पुष्कळदा मधेच कुणीतरी हाक मारली की. यादी चाललीय, तेवढ्यात जमिनीवरून बिनतारी संदेश आला, बोलणं झालं, परत यादीकडं आला तर एक ओळ गळाली. म्हणून वैमानिकांना नियम आहे की दहा हजार फुटांच्या खाली कामाशिवाय बोलायचं नाही. अमेरिकेत १९८१ साली हा नियम केला, पुढं सगळीकडं आला. घरचं लग्न, पगार, क्रिकेट, सगळं वर गेल्यावर.

आणि आता माझा पुंडलिक.

आईबापाचे पाय चेपत बसलाय. रोजचंच काम. नवं काही नाही, कुणी बघत नाही, कुणी बातमी छापत नाही. आणि दारात हाक आली. कुणाची? साक्षात वैकुंठनाथाची! ह्याहून मोठा बिनतारी संदेश कुठला हो? आपण असतो तर? टाकले असते पाय खाली, बाप राहिला तसाच, आई राहिली तशीच, धावत दारात, आधी मोबाइल काढून देवाबरोबर फोटो! पुंडलिकानं काय केलं? नाही म्हटलं का? देवाचा अपमान केला का? नाही. वीट दिली. म्हणाला, ह्याच्यावर उभा राहा, हातातलं संपू दे. आणि देव राहिला की उभा. अठ्ठावीस युगं उभा आहे. हातातल्या रोजच्या कामावरून लक्ष न काढणाऱ्या माणसासाठी देव थांबतो, हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. पंढरपूरला जाऊन बघा, विटेवर उभा आहे.

कुणी म्हणेल, महाराज, देवाला भाव लागतो, नेमाचं काय एवढं? हा प्रश्न मला गावोगाव विचारतात. मी त्यांना विचारतो, भाव रोज असतो का तुमच्याकडं? माझ्याकडंही रोज सारखा नसतो. कधी मुलीचं लग्न ठरत नाही, कधी कपाशीला भाव नाही, कधी रात्रभर म्हातारीच्या उशाशी बसावं लागतं. त्या दिवशी मन कुठं असतं? नेम त्या दिवसासाठी आहे. ज्या पहाटे वैमानिकाचं मन घरी असेल, त्या पहाटेसाठी कागद आहे.

विमानात बसलात तर ती मुलगी उभी राहून मास्क कसा लावायचा ते दाखवते. कुणी बघत नाही. ती सांगते, आधी स्वतःला लावा, मग मुलाला. एका आजीनं मला विचारलं, महाराज, हे कसलं शिकवणं, लेकरू आधी का आई आधी? आजी, लेकराचंच भलं त्यात आहे. पोराच्या तोंडाला लावता लावता आईची शुद्ध गेली तर दोघं गेली. आईनं दोन श्वास घेतले तर दोघं राहतात. तेव्हा पुढच्या वेळी ती मुलगी दाखवत असताना तिच्याकडं बघा. पाठ असलं तरी बघा. तिचाही मान राहील.

आता मास्कचा विषय निघालाच आहे तर शेतकरी मंडळींना हात जोडून एक सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कारणं पुष्कळ होती. पीक डोक्याएवढं वाढलेलं, औषधं जहाल, मजुराच्या अंगावर धड कपडा नाही. सगळा दोष गरिबाच्या माथ्यावर मारणाऱ्यांतला मी नाही. पण आपल्या पाचोऱ्या-भडगावाच्या शिवारातही कपाशीच आहे. पाठीवर पंप घेण्याआधी नळी गळते का, झाकण घट्ट आहे का, वारा कुठून आहे, तोंडाला काय बांधलंय, एवढं बोलून बघा. मजुराला विचारा आणि त्याच्या उत्तराबरोबर त्याच्याकडं पाहा. त्याचं घरही संध्याकाळी वाट बघतं.

आणि घरात म्हातारं माणूस असेल, त्याची सकाळची गोळी. दिली का? दिली असेल. कुणी दिली? मला वाटलं तिनं दिली. तिला वाटलं मी दिली. हीच ती जागा, माउली, दोन हातांमधली. सोपं करा, गोळीचं पाकीट वीणेसारखं द्या. हातातून हातात, नाव घेऊन.

घड्याळ दहाच्या पुढं गेलंय. उद्या काल्याचं कीर्तन सकाळी, नंतर महाप्रसाद, कुणी उपाशी जायचं नाही. वाढप्यांनी पंगत बसण्याआधी पाणी बघून घ्या. वीणेचा पहारा बदलायची वेळ झाली, पुढचे विणेकरी कोण आहेत, या पुढं. बाकीच्यांनी जागेवर दोन मिनिटं नामस्मरण करू, मग आरती. आणि बाहेर अंधार आहे, चपला बघून घाला. काल दोन जण दुसऱ्याच्या घालून गेले, आणि दोघंही म्हणे रोज मंडपात येणारे.

रामकृष्ण हरी.